सरकारी खरेदी आणि खरेदीचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



वार्षिक समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, गुणवंतांचे कौतुक करावे आणि खाली बसावे, अशी आपल्याकडे रीत आहे. गुणवंतांचे कौतुक मी मनापासून करतो. परंतु आज मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. विषय आहे सरकारी खरेदीचा. सरकार औषधे, चादरी, पुस्तके, बाके, सिमेंट, संगणक विकत घेते. ते कसे घेते, कोण घेतो, आणि घेणाऱ्या माणसाला हे काम कोणी कधी शिकविलेले असते काय, एवढाच हा विषय आहे.

'ह्याचा आमच्याशी काय संबंध?' असे कोणी विचारील. संबंध चार प्रकारचा आहे. पहिला, आपण सारे कर भरतो. दुकानातून साबणाची वडी घेणारा मजूरसुद्धा त्या वडीबरोबर सरकारला कर देतो. दुसरा, सरकारी दवाखान्यातली गोळी आपणच खातो आणि सरकारी शाळेतल्या बाकावर आपलीच मुले बसतात. तिसरा, आपल्यांत यंत्रमागधारक आहेत, छोटे कारखानदार आहेत. आणि सरकार हे देशातील फार मोठे गिऱ्हाईक आहे. चौथा संबंध समोर बसलेल्या तरुणांचा. त्यांना कामधंदा हवा आहे, आणि खरेदी हा शिकण्यासारखा, प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे, ही गोष्ट त्यांच्या कानावर फारशी पडलेली नसते.

सरकारी खरेदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : लाच, टक्केवारी, भ्रष्टाचार. भ्रष्टाचार आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी, याविषयी दुमत नाही. परंतु केवळ प्रामाणिक माणूस खुर्चीवर बसविला म्हणजे खरेदी चांगली होईल, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. हातात पैसा आहे, मनात खोट नाही, पण काय मागावे, कसे मागावे आणि आलेला माल कसा तपासावा हे ठाऊक नाही, अशा माणसाच्या हातूनही जनतेचा पैसा वाया जातो. पुन्हा गंमत अशी, की अशा माणसाला लबाड पुरवठादार सहज फसवू शकतो. नियत आणि ज्ञान ह्या दोन्ही गोष्टी लागतात. नियतीचे धडे घरात मिळतात. ज्ञानाचे धडे मात्र कोणीतरी द्यावे लागतात. ते दिले जात नाहीत, हे आपल्या कारभारातले मोठे उणे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. उदाहरण चादरीचे घेतो, कारण भिवंडी-मालेगावकडचे पाहुणे इथे असतील तर त्यांना ते चटकन पटेल. समजा, एखाद्या रुग्णालयाला चादरी घ्यावयाच्या आहेत. कारकुनाने मागणीपत्रात लिहिले, 'सुती चादर, पांढरी, उत्तम प्रतीची.' आता 'उत्तम' म्हणजे काय? विणकर आपणांस सांगेल की चादरीचे मोल तिच्या ताण्याबाण्यात असते. इंचाला ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती, सूत कोणत्या नंबरचे, चौरस मीटरला वजन किती ग्रॅम, पहिल्या धुलाईत कापड किती आटते, हे लिहिले तरच चादर मागितली असे म्हणता येईल. 'उत्तम प्रतीची' एवढे लिहून नुसता शब्द मागितला जातो, आणि पुरवठादार त्या शब्दाच्या मापाचा माल देतो. वाद झाला तर कागदावर काहीच नसल्यामुळे सरकारचीच बाजू लंगडी पडते.

पुढचा प्रश्न दराचा. समजा एकाने १५० रुपये दर दिला आणि दुसऱ्याने २१० रुपये. नियम सांगतो, अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याचा दर कमी त्याची निविदा स्वीकारा. पण १५० रुपयांची चादर ३० धुलायांत विरली आणि २१० रुपयांची ७० धुलाया टिकली, तर पहिलीचा खर्च धुलाईमागे ५ रुपये पडला आणि दुसरीचा ३ रुपये. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण हिशेब खरा आहे आणि आपल्या घरातली गृहिणी तो रोज करते. मग कार्यालयात तो का होत नाही? कारण टिकाऊपणाची अट निविदा काढण्यापूर्वी लिहावी लागते. दर उघडल्यानंतर 'ही चादर चांगली दिसते' असे म्हणणे म्हणजे संशयाला आमंत्रण. सगळे कौशल्य निविदा काढण्यापूर्वीचे आहे, आणि तेच शिकविले जात नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे मात्र कोणी समजू नये. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७ साली नव्याने आले. वस्तूचे वर्णन स्पष्ट असावे, गरजेपेक्षा जास्त वैशिष्ट्ये मागू नयेत, सर्व पुरवठादारांना समान वागणूक द्यावी, स्पर्धा होऊ द्यावी, घेतलेला दर वाजवी आहे याची खात्री करावी, आणि निर्णयाची कारणे कागदावर नोंदवावीत, अशी सारी तत्त्वे त्यात आहेत. वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मोठ्या खरेदीचे लहान तुकडे पाडू नयेत, हेही आहे. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने स्वतःची खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. तमिळनाडूने १९९८ साली आणि कर्नाटकाने १९९९ साली निविदांच्या पारदर्शकतेचे कायदेच केले. केंद्रातही असे एक विधेयक २०१२ साली लोकसभेत मांडले गेले होते; ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. तात्पर्य, पुस्तके आहेत. पुस्तक उघडून त्याप्रमाणे काम करण्याची तयारी ज्याची करून घेतली आहे, असा माणूस मात्र कमी पडतो.

हा माणूस येतो कोठून? पुष्कळ कार्यालयांत असे होते की, कालपर्यंत आस्थापना शाखेत रजेचे अर्ज पाहणारा लिपिक बदली होऊन भांडार शाखेत येतो. आधीचा माणूस त्याला कपाटाच्या किल्ल्या आणि नोंदवह्या देतो, दोन दिवस काम दाखवतो आणि निघून जातो. नवा माणूस मागच्या वर्षीची नस्ती काढतो आणि तारीख बदलून तीच निविदा पुन्हा काढतो. मागच्या वर्षीची चूक ह्या वर्षी नियम बनते. तीन वर्षांत त्याला काम थोडेफार समजू लागते, तोवर त्याची बदली होते. डॉक्टर, वकील, हिशेबनीस यांना परीक्षा दिल्यावाचून कोणी हात लावू देत नाही. पण कोट्यवधींची खरेदी करणाऱ्याला अशी कोणतीही अट नसते.

शिक्षण नसले म्हणजे दोन दोष बळावतात. पहिला भीतीचा. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ साली संतानम समितीच्या शिफारशीवरून स्थापन झाला. लेखापरीक्षण तर त्याहून जुने. ह्या संस्था हव्यातच. परंतु ज्याला नियमाचा अर्थ कळत नाही तो नियमाच्या सावलीलाही भितो. 'सर्वांत कमी दराचा घेतला' एवढे म्हटले की आपल्याला कोणी विचारणार नाही, असे तो समजतो. अवास्तव कमी दर देणाऱ्याकडून खुलासा मागवता येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. काही बांधकामे आणि सेवा यांच्या बाबतीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली. पण गुण कसे द्यावेत हे शिकल्यावाचून ती मुभा वापरण्याचे धाडस कोण करणार?

दुसरा दोष घाईचा. वर्षभर निधी पडून राहतो आणि मार्च महिन्यात खरेदीची झुंबड उडते. वर्षअखेरीस खर्चाची अशी घाई करणे हा आर्थिक औचित्याचा भंग आहे, असे २०१७ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही मार्च येतो आणि तेच घडते. घाईत मापे नीट लिहिली जात नाहीत, माल तपासला जात नाही, आणि न लागणारी यंत्रे खोक्यांतच राहतात. एप्रिल-मेमध्ये वर्षाची गरज मोजून, कोणत्या महिन्यात काय मागवायचे याचा तक्ता केला, तर अर्धा घोटाळा तेथेच संपेल. हा तक्ता करणे हेही शिकण्याचेच काम आहे.

आता चांगले उदाहरण सांगतो, म्हणजे निराशा वाटणार नाही. तमिळनाडू सरकारने १९९४ साली सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीसाठी तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. त्यांनी काय केले? आधी आवश्यक औषधांची यादी ठरविली, आणि ती कंपनीच्या नावाने न करता औषधाच्या मूळ नावाने केली. निविदा दोन लिफाफ्यांची ठेवली. पहिल्या लिफाफ्यात कंपनीची पात्रता आणि दुसऱ्यात दर. पात्र ठरेल त्याचाच दुसरा लिफाफा उघडायचा. माल जिल्ह्याच्या गोदामात आला की त्यातील नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावयाचा. आणि तो कोणत्या कंपनीचा आहे हे प्रयोगशाळेला कळू नये म्हणून त्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालायचा. नमुना उतरला तरच औषध रुग्णालयात जाईल. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले. वर्षाची रक्कम त्यात जमा, आणि उचललेल्या औषधांची किंमत वजा. कोणत्या गोदामात काय शिल्लक आहे हे संगणकावर दिसू लागले.

ह्या योजनेत जादू कोठेही नाही. गरज मोजणे, नाव नेमके लिहिणे, पात्रता आणि दर वेगळे ठेवणे, माल तपासणे आणि हिशेब ठेवणे ही पाच साधी कामे आहेत. ती रोज, न चुकता आणि जाणत्या माणसांकडून झाली, एवढेच. पुढे केरळने आणि २०११ साली राजस्थानने ह्याच धर्तीवर महामंडळे काढली. राजस्थानात त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधांची योजना सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात औषधखरेदीचे काम २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे देण्यात आले, आणि नंतर २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण तमिळनाडूचा धडा असा आहे की संस्थेच्या पाटीपेक्षा आत बसणाऱ्या माणसांची तयारी महत्त्वाची असते.

कोणी म्हणेल, आता सारे संगणकावर झाले आहे, मग माणसाला शिकवायचे काय? खरे आहे. केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये 'जेम' हा सरकारी ई-बाजार सुरू केला, आणि दीर्घकाळ केंद्राची खरेदी पाहणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. संगणकामुळे लिफाफा फोडणे, निविदापेटीपाशी गुंड उभे करणे, मुदतीनंतर निविदा घुसविणे, असे प्रकार अवघड झाले. हा मोठाच लाभ आहे. पण संगणक दर लावून देईल. रुग्णालयाला कोणती चादर हवी हे तो सांगणार नाही. आलेली चादर वजनात बसते की नाही हेही तो पाहणार नाही. यंत्र वेगवान झाले म्हणजे अडाणी माणसाची चूकही वेगाने होते.

मग खरेदीच्या शिक्षणात काय असावे? माझ्या मते सात गोष्टी हव्यात. गरजेचा अंदाज, वस्तूचे नेमके वर्णन आणि त्यासाठी भारतीय मानकांचा उपयोग, बाजाराची माहिती, म्हणजे माल कोण बनवतो, कच्च्या मालाचा भाव काय आहे, निविदा काढण्याची आणि तपासण्याची रीत, करार व मालविक्री यांचे कायदे, जे अनुक्रमे १८७२ आणि १९३० सालचे असून आजही लागू आहेत, मालाची तपासणी व भांडाराची व्यवस्था, आणि शेवटी, निर्णयाची कारणे चार स्पष्ट वाक्यांत लिहिण्याची कला. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजू नका. दहा वर्षांनी लेखापरीक्षकाने विचारले तर कागदानेच उत्तर दिले पाहिजे. नीट लिहिलेले कारण हे प्रामाणिक माणसाचे कवच आहे.

शिक्षणाबरोबर व्यवस्थाही हवी. मागणी करणारा, खरेदी करणारा, माल तपासून घेणारा आणि पैसे देणारा हे चार हात वेगळे असावेत. शिकलेल्या माणसाला त्याच क्षेत्रात बढती मिळावी, म्हणजे त्याचे ज्ञान वाया जाणार नाही. हे अशक्य नाही. रेल्वेने भांडार विभागासाठी स्वतंत्र सेवाच ठेवली होती. इंजिनिअरिंग सेवेच्या परीक्षेतून निवडलेले अधिकारी त्यात सारी नोकरी खरेदी आणि भांडार यांवरच करीत. २०१९ साली रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय झाला; पण त्या जुन्या सेवेने खरेदी हे आयुष्यभराचे काम असू शकते हे दाखवून दिले. इंग्लंडमध्ये खरेदी अधिकाऱ्यांची व्यावसायिक संघटना १९३२ साली निघाली आणि १९९२ साली तिला राजसनद मिळाली. तिची परीक्षा देऊन लोक आपल्या नावापुढे पदवी लावतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या देशातही दारे उघडी आहेत. फरिदाबादला १९९३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्था, जिला आता अरुण जेटली यांचे नाव आहे, सरकारी खरेदीचे प्रशिक्षण देते. पुण्याची यशदा राज्याच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. नवी मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही संस्था साहित्य-व्यवस्थापनाचे पदविका अभ्यासक्रम चालवते. केंद्राच्या खरेदीच्या नियमपुस्तिका कोणालाही मोफत वाचता येतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने, इंजिनिअरने, औषधनिर्माण शिकणाऱ्या मुलीने ह्या विषयाची जोड घेतली, तर सरकारी खात्यात, महामंडळांत आणि खाजगी कारखान्यांतही तिचा उपयोग होईल. स्पर्धापरीक्षांना बसणाऱ्यांना तर मी आग्रहाने सांगेन की उद्या तुम्ही ज्या खुर्चीवर बसाल तिच्यावर खरेदीचा कागद येणारच आहे.

आता पालकांना, विशेषतः छोट्या कारखानदारांना, दोन शब्द. सरकारला माल विकणे म्हणजे ओळख आणि वशिला, असे म्हणून आपण घरी बसतो आणि दुसरे पुढे जातात. २०१२ च्या धोरणाप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रक्कम माफ आहे आणि निविदेचे कागद मोफत मिळतात. २०१८ पासून केंद्राच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा किमान २५ टक्के भाग अशा उद्योगांकडून घ्यावा, आणि त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून असावा, असे ठरले आहे. आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो कमी दर मान्य करून कामाचा काही हिस्सा आपणांस मिळू शकतो. माल घेतल्यावर ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडकवून ठेवता येत नाहीत, असा २००६ चा कायदा आहे. मात्र २०१२ च्या धोरणातल्या ह्या सवलती स्वतः माल तयार करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहेत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला त्या नाहीत. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी करा, निविदेतल्या अटी मुलाकडून वाचून घ्या, आणि जे मागितले तेच द्या. एकदा हलका माल दिला तर नुसता ठेका जात नाही, नाव काळ्या यादीत जाते.

शेवटची विनंती संस्थेच्या चालकांना. शिक्षणसंस्थाही खरेदी करते : बाके, प्रयोगशाळेचे साहित्य, संगणक, वह्या. ही खरेदी लहान असली तरी नियम तेच. वरच्या वर्गातील चार विद्यार्थ्यांना खरेदी समितीच्या बैठकीला नुसते बसू द्या. वर्णन कसे लिहितात, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता कसा करतात, आलेला माल नोंदवहीत कसा चढवतात, हे त्यांना पाहू द्या. वाणिज्याच्या पुस्तकात जे चार पानांत मिळत नाही ते एका दुपारी त्यांना मिळेल. संस्थेच्या कारभारावरही चार तरुण डोळे राहतील, आणि चांगल्या कारभाराला त्याची भीती नसते.

मित्रांनो, सरकारी पैसा कोणा एकाचा नसतो म्हणून तो कोणाचाच नाही असे समजले जाते, आणि सारे नुकसान तेथून सुरू होते. तो पैसा कुणाच्या तरी औषधाचा आहे, कुणाच्या तरी अंथरुणावरच्या चादरीचा आहे. तो खर्च करणाऱ्याच्या मनात खोट नसावी एवढे पुरे नाही; त्याच्या हातात कसब असले पाहिजे. असे कसब असलेली माणसे ह्या संस्थेतून तयार व्हावीत, अशी इच्छा व्यक्त करतो.